साडेचारशे अंशांचा दिवस

पहाटे ५.४५

कराडचं रेल्वे स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीत आहे. कराडकरांना रिक्षा करून यावं लागतं, मी घरून चालत येते. सांगलीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करतेय. विषय मॉफची काच. मॉफ म्हणजे धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू एकमेकांना जोडून उभी राहिलेली जाळी. आतून पोकळ, पण मांडणी एकदम आखीव. ती वितळवायची आणि निववून तिची काच करायची, हे माझं काम.

फलाटावर शेजारचे आजोबा भेटले. मिरजेला डोळे दाखवायला निघालेत. त्यांचे वडील ‘ओगल्यांत’, म्हणजे इथल्या काच कारखान्यात, होते.

“झाली का गं तुजी काच?”

“आज भट्टी लावायचीय, आजोबा.”

“किती डिग्रीला?”

“साडेचारशे.”

“मंग ती काच कसली गं! साडेचारशेला काच नुसती ऊन व्हती.”

आजोबांचं चूक नाही. वाळू, सोडा आणि चुनखडीची नेहमीची काच करायची तर भट्टी पंधराशे अंशांच्या आसपास न्यावी लागते. शिवाय मोठी भट्टी एकदा पेटली की विझवून चालत नाही; पाळ्या लावून रात्रंदिवस ती राखावी लागते. ओगले बंधूंनी १९१६ साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने इथे काचेचा कारखाना काढला, त्यावरून वाडीला नाव पडलं. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी काही काळ ओगल्यांचा माल विकायचं काम केलं होतं. पुढे १९१९ मध्ये कराडजवळच्याच काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. मी रयतच्याच शाळेत शिकले. आता कारखाना बंद आहे, नाव तेवढं आहे.

सकाळी ६.३०

शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी. बाहेर ऊस. बसायला जागा मिळाली की मी वाचून घेते, कारण लॅबमध्ये वाचायला वेळ मिळत नाही.

आज पुन्हा २०१५ चा तो निबंध काढलाय. केंब्रिजचे थॉमस बेनेट, डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठातले युआनझेंग युए आणि त्यांचे सहकारी. तोवर समज असा होता की मॉफ तापवलं की त्यातला सेंद्रिय भाग जळतो, सगळं कोळसा होतं आणि विषय संपतो. बऱ्याचशा मॉफच्या बाबतीत ते खरंही आहे. पण झिफ नावाच्या घराण्यातली काही मंडळी जळण्याआधी वितळतात, हे या लोकांनी दाखवून दिलं. झिफ-४ हे जस्त आणि इमिडाझोल यांचं मॉफ ५९० अंशांच्या आसपास वितळलं आणि निवल्यावर त्याची काच झाली. काच म्हटली की एक वाळूपासूनची, एक प्लॅस्टिकसारख्या सेंद्रिय पदार्थांची, एक धातूंची. ही चौथी.

झिफच का, याचं उत्तर त्यांच्या सांध्यांत आहे. वाळूत सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा जोड असतो. झिफमध्ये सिलिकॉनच्या जागी जस्त आणि ऑक्सिजनच्या जागी इमिडाझोल येतं, आणि मधला कोन दोन्हीकडे साधारण १४५ अंशांचा भरतो. म्हणजे आजोबांची काच आणि माझी काच दिसायला परक्या असल्या तरी सांगाड्याने एकाच गोतावळ्यातल्या.

झिफ-४ ची अडचण अशी की त्याचं वितळणं आणि करपणं अगदी लागून आहे. जरा चुकलं की गेलं. म्हणून मी झिफ-६२ वर काम करते. त्यात आठ जोडांपैकी साधारण सात इमिडाझोलचे आणि एक बेंझिमिडाझोलचा. एवढ्या बदलाने वितळणं ४३७ अंशांपर्यंत खाली येतं आणि करपायच्या आधी शंभरेक अंशांची मोकळीक मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात हे काम होऊ शकतं ते या मोकळिकीमुळे. साडेचारशे अंश आमची साधी ट्यूब फर्नेस आरामात देते.

सकाळी ८.१५

मामांनी लॅब उघडलेली असते. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेतल्या सेवकांना सगळे मामाच म्हणतात, प्राचार्यसुद्धा. मी पोचायच्या आत त्यांचा फ्यूम हूड चालू करून झालेला असतो आणि रात्रीत लाइट गेली होती का, तेही पाहून झालेलं असतं.

“रात्री दोनदा गेल्ती, मॅडम. ओव्हन यूपीएसवर हुता, काय न्हाई झालं.”

व्हॅक्यूम ओव्हनमधून कालची व्हायल काढली. गेल्या आठवड्यात झिंक नायट्रेट, इमिडाझोल आणि बेंझिमिडाझोल डीएमएफ नावाच्या द्रावकात विरघळवून, बंद बाटलीत १३० अंशांवर ठेवलं होतं. चार दिवसांनी तळाशी स्फटिक बसले. बाटली उघडली की मासळीचा वास येतो. डीएमएफ तापून त्यातून थोडं डायमिथाइलअमीन सुटतं, त्याचा तो वास. नवीन पोरं नाक धरून पळतात. पण तेच अमीन इमिडाझोलमधला हायड्रोजन काढून घेतं आणि मग जाळी विणली जाते. वास आलाच नाही तर मला काळजी वाटते.

स्फटिक गाळून, आधी ताज्या डीएमएफने आणि मग डायक्लोरोमिथेनने धुऊन रात्रभर १२० अंशांवर निर्वातात वाळवलेत. आता डेसिकेटरमध्ये गार करून वजन. पुन्हा अर्धा तास ओव्हन, पुन्हा गार, पुन्हा वजन. दोन वजनांत फरक पडला म्हणजे जाळीच्या पोकळीत द्रावक अजून दडून बसलाय. काट्यावरचा चौथा दशांश हलतोय. फार नाही, पण हलतोय.

मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, दारातूनच विचारतात, “वजन बसलं का?”

“जवळजवळ.”

“जवळजवळ म्हणजे नाही.”

पण फर्नेस आज माझ्या वाट्याला आहे, उद्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या. मॅडम म्हणाल्या, “लाव. बघू तरी काय होतंय.”

सकाळी ९.३०

भुकटी खलात हलक्या हाताने घोटली. मग आयआरसाठी पोटॅशियम ब्रोमाइडच्या चकत्या दाबायचं जे प्रेस असतं, त्यातच तिच्या छोट्या चकत्या केल्या. गोळीएवढी पांढरी चकती, खडूसारखी अपारदर्शक.

चकती करायचं कारण आहे. झिफ-६२ वितळलं तरी पाण्यासारखं वाहत नाही. वितळबिंदूला त्याचा दाटपणा सुमारे एक लाख पास्कल-सेकंद भरतो. नळीने काच फुंकणारा कारागीर काम सुरू करतो तेव्हा काचेचा दाटपणा एक हजाराच्या आसपास असतो. ही त्याच्या शंभरपट दाट. सुटी भुकटी ठेवली तर कण एकमेकांना चिकटतात, पण मधल्या फटी भरून येत नाहीत. म्हणून फटी आधीच दाबून काढायच्या.

चकत्या अ‍ॅल्युमिनाच्या बोटीत, म्हणजे होडीच्या आकाराच्या भांड्यात, ठेवल्या, बोट क्वार्ट्झच्या नळीत बरोबर मध्यावर सरकवली. थर्मोकपलचं टोक आणि बोट यांत दोन बोटांचं अंतर पडलं तरी आकडा एक आणि खरं तापमान दुसरं, असं होतं.

सकाळी १०.००

नायट्रोजन सोडला. सिलेंडर कुपवाडच्या एमआयडीसीतून येतो, जास्त शुद्धतेचा मागवावा लागतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला तेलाचा बबलर आहे. त्यात एकसारखे, सुटे सुटे बुडबुडे पडायला हवेत. थांबून थांबून पडले म्हणजे कुठेतरी गळतंय. साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड बघितला.

तासभर नुसता वायू फिरवायचा. नळीत ऑक्सिजन राहिला तर साडेचारशेला सेंद्रिय भाग जळणार आणि हातात तपकिरी राख येणार. या तासात काही घडत नाही, आणि म्हणूनच तो कापायचा मोह होतो. मामा हे ओळखून आहेत. मी इकडेतिकडे करू लागले की म्हणतात, “गॅसला फिरू द्या की, तुमी चा घ्या.”

सकाळी ११.००

फर्नेसचा प्रोग्रॅम चालू केला: मिनिटाला १० अंश, ३०० वर थोडं थांबणं, मग ४५०, तिथे पंधरा मिनिटं. मामांना लक्ष ठेवायला सांगून एम.एस्सी.च्या वर्गावर गेले. मॅडमनी आज तास मला दिलाय, विषय काचेची अवस्था.

पोरांना विचारलं, चिक्कीचा पाक म्हणजे काय? साखरेचे दाणे स्फटिक असतात. तापवले की मांडणी मोडून पाक होतो, आणि तो परातीत पटकन निवला की दाणे धरायला वेळच मिळत नाही; कडक, पारदर्शक, तोडली की टचकन मोडणारी साखर मिळते. ती साखरेची काच. आणि गॅस जरा मोठा राहिला की पाक करपतो. मॉफचंही हेच, फक्त भांडं महाग.

मग फळ्यावर गणित. काच किती सोपी बनेल हे ओळखायचा एक जुना ठोकताळा आहे: काचेचं संक्रमण तापमान (तापवताना काच जिथे मऊ पडू लागते ते) भागिले वितळबिंदू, दोन्ही केल्व्हिनमध्ये. बहुतेक पदार्थांत हे उत्तर दोन-तृतीयांशाच्या आसपास येतं. झिफ-६२ साठी ३१८ अधिक २७३ म्हणजे ५९१. ४३७ अधिक २७३ म्हणजे ७१०. भागाकार ०.८३.

“याचा अर्थ काय?” मी विचारलं.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “म्हणजे निवताना त्याला पुन्हा स्फटिक व्हायला जागाच थोडी आहे.”

बरोबर. वितळलेलं झिफ-६२ खाली येताना लगेच इतकं घट्ट होतं की अणूंना परत रांगेत यायची फुरसत मिळत नाही. धातूंची काच करताना बऱ्याचदा सेकंदाला लाखभर अंशांनी गार करायची धडपड चालते. इथे फर्नेसचं बटण बंद करून जेवायला जाता येतं.

दुपारी १२.१०

डिस्प्लेवर ४३०. नळी बंद असल्याने आत काय चाललंय ते दिसत नाही, पण या वेळी खुर्चीवर बसवत नाही. ४३७ ओलांडताना आत जस्त आणि नायट्रोजन यांचा बंध तुटतो आणि शेजारच्या दुसऱ्या रेणूशी पुन्हा जुळतो, पुन्हा तुटतो, पुन्हा जुळतो. सेंद्रिय रेणू स्वतः अखंड राहतात, बदलतो तो फक्त त्यांचा शेजार. त्यामुळे वितळलेल्या अवस्थेतही पोकळ्या पूर्ण मिटत नाहीत, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. द्रव, पण सच्छिद्र.

४४६ ला लाइट लुकलुकली. यूपीएसने कंट्रोलर धरून ठेवला, पण फर्नेसच्या कॉइलला यूपीएस पुरत नाही. आकडा ४४१ वर आला, थांबला, परत चढला. बुडबुडे चालू होते. वेळ आणि आकडे वहीत लिहिले. नंतर चकतीत काही वेगळं दिसलं तर कारण शोधायला हीच ओळ उपयोगी पडते.

१२.३५ ला प्रोग्रॅम संपला. झाकण उघडायचं नाही, वायू बंद करायचा नाही. आपोआप निवू द्यायचं. घाईने गार केलं तर काच होईल, पण आतल्या ताणाने तडकेल.

दुपारी १.१५

डबा. भाकरी, घेवड्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी. बोलणं अजूनही नोबेलवर येतंच. ८ ऑक्टोबर २०२५ ला सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना मॉफसाठी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हापासून घरच्यांना माझा विषय सांगणं सोपं झालंय. आईला एवढंच पुरतं की ‘त्यातलंच काहीतरी’ मी करते.

एकाने विचारलं, “याचा उपयोग काय पण?”

स्फटिकांच्या पडद्यात कणांच्या मधे फटी राहतात आणि वायू तिथून निसटतो. काचेला कणच नाहीत, त्यामुळे फटी नाहीत, पण रेणूंच्या मापाच्या पोकळ्या मात्र आहेत. झिफ-६२ च्या काचेचे वायू वेगळे करणारे पडदे २०२० मध्ये केले गेले. आमच्या कृष्णाकाठी साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतल्या मळीच्या सांडपाण्यापासून बायोगॅस निघतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड काढला की राहिलेला मिथेन गाडीत जाळता येतो. म्हणून वायू गाळणारी काच म्हटल्यावर इथल्या माणसाला ती लांबची गोष्ट वाटत नाही.

अडचणही सांगून टाकते. ही काच ठिसूळ आहे. तडा रोखायची ताकद नेहमीच्या काचेच्या साधारण सातव्या भागाइतकी. ताठपणाही खिडकीच्या काचेच्या दहाव्या भागाइतका. हातातून पडली तर विषय संपला.

दुपारी २.००

निवेपर्यंत पुढची बॅच. हातमोजे, फ्यूम हूड, डीएमएफ. हा द्रावक कातडीतून शरीरात जातो आणि यकृताला बाधतो, म्हणून कितीही उकडत असलं तरी मोजे काढायचे नाहीत. इमिडाझोल भरपूर, बेंझिमिडाझोल थोडं, झिंक नायट्रेट शेवटी. द्रावण स्वच्छ झालं, बाटलीचं टेफ्लॉनचं झाकण घट्ट केलं, लेबल लावलं, ओव्हनमध्ये. धुण्यातून निघालेला द्रावक बेसिनमध्ये ओतायचा नाही, खुणेच्या कॅनमध्ये. कॅन भरत आलाय हे मामांना सांगितलं.

कोल्हापूरला विद्यापीठात फोन केला. डीएससीसाठी नंबर लागलाय, गुरुवारी नमुना घेऊन या म्हणाले. डीएससी म्हणजे नमुना तापवताना त्यात किती उष्णता जाते-येते ते मोजणारं यंत्र. त्यावर पहिल्यांदा तापवताना वितळण्याची खोल दरी दिसते. तोच नमुना निववून पुन्हा तापवला की दरी गायब, ३१८ च्या आसपास फक्त एक पायरी. ती पायरी दिसली की काच झाल्याचा कागदी पुरावा मिळतो. गुरुवारपर्यंत मात्र हाताशी जे आहे त्यावर भागवायचं.

दुपारी ४.१५

डिस्प्लेवर ५८. वायू बंद करून नळीचं टोक सोडलं, आकड्याने बोट बाहेर ओढली.

सकाळी खडूसारख्या दिसणाऱ्या चकत्यांच्या कडा आता गोल झाल्यात. पृष्ठभाग ओला असल्यासारखा चकाकतो. रंग फिकट, अगदी किंचित पिवळट. वर्तमानपत्रावर ठेवली तर खालचं मोठं अक्षर वाचता येतं. पण खिडकीपाशी उजेडात धरली तर मधल्या भागात बारीक बारीक बुडबुडे, सुईच्या अग्राएवढे, अडकून बसलेले. एका चकतीच्या पोटाला फुगवटाच आलाय.

मामांनी मान पुढे करून बघितलं. “वाफ हुती आत.”

पाण्याची वाफ नव्हती, डीएमएफची होती. बाकी निदान बरोबर. सकाळी काट्यावर हलणारा चौथा दशांश तोच. वितळण्याआधी जे निघून जायला हवं होतं, ते वितळलेल्या घट्ट द्रवात सापडलं आणि बाहेर पडू शकलं नाही.

दुपारी ४.४५

चकतीचा एक कपचा आणि सकाळची थोडी भुकटी घेऊन भूगर्भशास्त्र विभागात गेले. खडकांच्या पातळ चकत्या बघायचा त्यांचा ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक आम्हाला अडीनडीला मिळतो.

आधी भुकटी. दोन्ही ध्रुवीकारक एकमेकांना काटकोनात फिरवले आणि काळ्या पडद्यावर एकेक स्फटिक उजळलं, निळं, पिवळं, पांढरं. स्टेज फिरवली की एक विझतं, दुसरं पेटतं. मांडणीला दिशा आहे म्हणून हे होतं. मग काचेचा कपचा. काळोख. स्टेज पूर्ण फिरवली, काळोखच. बुडबुड्यांच्या कडेला राखाडी झाक दिसते, ती आतल्या ताणाची. आणि एका कोपऱ्यात मोहरीच्या तुकड्याएवढा एक ठिपका लखलखतोय. तिथे न वितळलेला स्फटिक राहून गेलाय.

तिथल्या सरांनी डोळा लावून बघितलं. “ऑब्सिडियन असाच दिसतो,” म्हणाले. ज्वालामुखीची काच. “तुमचा लाव्हा चारशे अंशांचा, एवढाच फरक.”

सायंकाळी ५.३०

मॅडमच्या टेबलावर चकत्या, वही आणि सूक्ष्मदर्शकाचे फोटो.

माझं म्हणणं, न वितळलेला ठिपका राहिलाय तर तापमान ४७० करू. मॅडमनी वही मागे उलटली, वजनांचं पान काढलं आणि बोट ठेवलं. “ठिपका लाइट गेली तेव्हाचा असेल किंवा चकतीच्या टोकाला उष्णता कमी पोचली असेल. तो एक आहे. बुडबुडे किती आहेत?”

मोजण्यासारखे नव्हते.

“तापमान वाढवून बुडबुडे मोठे होतील. आणि करपायच्या दिशेने आपणच वीस अंश जाऊ. तू उपाय भट्टीत शोधतेयस. दोष ओव्हनमधला आहे.”

या कामाला लागल्यापासून मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसतेय. वितळायला लागतात पंधरा मिनिटं. काच चांगली की वाईट हे त्याआधीच ठरलेलं असतं. धुण्यात, वाळवण्यात, दोन वजनं एकसारखी येईपर्यंत वाट बघण्यात. पंधराशे अंशांच्या काचेला कोळसा, पाळ्या, कारागीर आणि भांडवल लागतं. ती जुळवाजुळव आमच्या ओगलेवाडीत शंभर वर्षांपूर्वी झाली होती. या काचेला लागतो कोरडेपणा, शुद्ध वायू आणि घाई न करण्याची सवय. पैकी शेवटची गोष्ट कुठल्याच अनुदानातून मिळत नाही.

रात्री ९.००

घरी येऊन जेवण झालं. परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं, त्यामुळे वही आता लिहितेय. चकतीचं आधीचं आणि नंतरचं वजन, ४४१ वर घसरलेल्या आकड्याची वेळ, फोटोंचे क्रमांक. मग पुढच्या खेपेचा तक्ता. वितळण्याच्या रकान्यात आजचाच आकडा, ४५०, तिथे काही बदलायचं नाही. निर्वात वाळवण १२० ऐवजी १८० अंशांवर आणि एका रात्रीऐवजी दोन. फर्नेसमध्ये ३०० वरचा थांबा तासाभराचा. शेवटच्या रकान्यात मॅडमच्या सांगण्यावरून एक अट घातली: सलग तीन वजनं चौथ्या दशांशापर्यंत जुळल्याशिवाय चकती दाबायची नाही, फर्नेसचा नंबर गेला तरी चालेल.